मागची चाकं धरत नाहीत

सातारा
शुक्रवार, ४ जुलै २०२५

बिरूभाऊ,

मदिहाचा सलाम. तुमची ख्यालीखुशाली विचारत नाही, कारण तुम्हीही माझी विचारलेली नाही. फिटंफाट झाली.

कामाचं लिहिते. तुम्ही दोघांनी बांधलेल्या गाडीची मागची चाकं धरत नाहीत. पहिल्या गिअरमध्ये पाय दाबला की जागच्या जागी फिरतात, दुसऱ्यातही फिरतात, आणि वळणावर मागचा भाग पुढच्याच्याही पुढं जायला बघतो. हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तुम्ही आणि अमीर इतके दिवस याच एका गोष्टीपायी डोकं फोडत होता. इंटरनेटवरची इंग्रजी पानं मी मराठी करून वाचून दाखवायची आणि तुम्ही दोघं चहा ढोसत 'पुढं वाच, पुढं वाच' करायचात. आता वाचून दाखवायला कुणी नाही, म्हणून मीच विचार करतेय. मला याचं उत्तर पाहिजे, आणि माझी इद्दत संपायच्या आत पाहिजे.

घाई का, तेही सांगते. इद्दत संपली की दुसऱ्या दिवशी गाडीला गॅस कटर लावायचा, असं अब्बांनी सांगून टाकलंय. सासरा भंगारवाला असल्यावर बोलायचं काय? त्यांनी आयुष्यभर हेच केलंय. ते म्हणतात, "छप्पर न्हाई, दारं न्हाईत, पायपाचा सांगाडा आन् त्यात एवढं मोठं इंजिन. गाढवाला हत्तीचा दम दिलाय तुमी लोकांनी. कापून टाकतो." तोवर थांबायला मात्र ते कबूल झालेत. नवरा गेल्यावर बाईनं चार महिने दहा दिवस घरात बसायचं, परक्या पुरुषाशी बोलायचं नाही, ही आमची रीत तुम्हाला माहीत आहे. अमीरचे चाचा वारले तेव्हा तुम्हीच त्यांच्या दारात बाजाराची पिशवी ठेवून हाक न मारता जायचात. आता त्याच रीतीत मी बसलेय. म्हणून फोन नाही, पत्र. आणि तुम्ही तर मे महिन्यापासून कुणाचा फोनच उचलत नाही. तुमची बहीण सोनम सातारा-आटपाडी गाडीवर कंडक्टर आहे हे माझं नशीब. अम्मी स्टँडवर जाऊन तिच्या हातात हे पत्र देणार आहेत.

घर आणि दुकानाचं आवार एकच असल्यामुळं मी गाडीपाशी जाऊ शकते. पण दिवसभर तिथं गिऱ्हाईक, हमाल, टेम्पोवाले. फक्त जुम्म्याला, सगळे पुरुष नमाजाला गेले की आवार मोकळं होतं. तेवढ्या वेळात मी पत्र्याच्या शेडखाली गाडीजवळ बसते. उजव्या बाजूचा पाइप आत वाकलाय, तो सोडला तर गाडीला फारसं काही झालेलं नाही. मला याचं नवल वाटतं.

मला अजून रडू आलेलं नाही. लोक येतात, बघतात, 'धीराची हाय पोरगी' म्हणतात. धीर वगैरे काही नाही. हात बधिर झाल्यावर सुई टोचली तरी कळत नाही, तसं झालंय. अमीर कशानं गेला हे मला नक्की कळलं पाहिजे. कुणावर रागवायचं ते कळलं तर मला राग येईल, आणि राग आला तर बाकीचंही येईल, असं मला वाटतं. गाडी कापली की कळायचा मार्ग संपला.

तर पहिला प्रश्न. मागं, अगदी शेपटाला, तुम्ही ब्रॅकेट जोडून दोन लोखंडी प्लेटा लावल्या आहेत. ट्रॅक्टरला लावतात तसल्या. त्या तिथंच का लावल्या? मी विचारतेय, आरोप करत नाही. आरोप करायलाही आधी राग यावा लागतो.

मदिहा

सातारा
शुक्रवार, १८ जुलै

बिरूभाऊ,

तुमचं उत्तर आलं नाही. सोनम म्हणाली, पत्र दिलं, त्यानं वाचलं आणि बंडीच्या खिशात घातलं. चला, वाचलंत तरी.

आज गाडीचं वजन केलं. आवाराच्या तोंडाशी जमिनीत बसवलेला आमचा काटा आहे ना, त्याच्यावर एकेक चाक घेतलं. उरलेल्या तीन चाकांखाली काट्याएवढ्याच उंचीच्या फळ्या. ढकलायला मी आणि अम्मी. मग ड्रायव्हरच्या सीटवर कुणीतरी बसायला हवं होतं. अम्मींचं आणि अमीरचं, मायलेकांचं वजन सारखंच आहे, हे मी सहज बोलून गेले. अम्मी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "मला काय पोतं समजलीस व्हय गं?" पण बसल्या. पदर खोचून, स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून, समोर बघत. पहिल्यांदाच बसल्या त्या तिथं. बराच वेळ उतरल्या नाहीत आणि मीही उतरा म्हणाले नाही.

प्लेटा लावून वजन केलं, मग काढून केलं. प्लेटा असल्या की मागच्या चाकांवरचं वजन वाढतं, ते तर वाढणारच. पण पुढच्या चाकांवरचं कमी होतं. प्लेटा मागच्या चाकांच्याही मागं लटकतात म्हणून पुढचं उचललं जातं. उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर चढाला नाक वर करतो, तसंच हे.

मी अम्मींना हे समजावून सांगत होते तर त्याच म्हणाल्या, "आगं, कळशी कमरंवर घेतली तर कसंबी वळता येतंय. हात लांब करून धर बघू तीच कळशी. मग तू न्हाई वळत, कळशी तुला वळवती." एवढी पानं वाचली मी, एवढ्या सोप्या शब्दांत कुणी सांगितलं नव्हतं.

म्हणजे सरळ रस्त्यावर प्लेटांनी पकड दिली असणार आणि वळणावर त्याच प्लेटांनी शेपूट फिरवलं असणार. असणार म्हणतेय. नक्की माहीत नाही.

आणखी एक. एकटा ड्रायव्हर बसला की मागचं डावं चाक हलकं पडतं. शेजारच्या सीटवर माणूस बसला की दोन्ही चाकं जवळजवळ सारखी होतात. तुम्ही बसायचात तेव्हा सारखी असायची. प्रत्येक वळणाला तुम्ही 'हळू रं, हळू रं' करायचात, आणि अमीर घरी येऊन जेवताना तुमची नक्कल करायचा. त्या दिवशी तुम्ही खाली उतरला होता. हे मला पंचनाम्यावरून कळलं. का उतरलात, तेही सांगा.

सोनम म्हणाली, तुम्ही ट्रॅक्टरला हात लावत नाही. खरं का?

मदिहा

सातारा
शुक्रवार, १ ऑगस्ट

बिरूभाऊ,

मंगळवारी नागपंचमी झाली. शिराळ्याहून एक गिऱ्हाईक आलं होतं, अब्बांना तिकडची गर्दी सांगत होतं. अब्बा हूं हूं करत होते. ते आता सगळ्यालाच हूं हूं करतात.

आज टायर बघितले. मागच्या दोन टायरांची नक्षी अगदी शाबूत आहे. अमीरला त्यांचा केवढा अभिमान! कोर्टाच्या आवारात जप्तीची एक गाडी वर्षानुवर्षं उभी होती, ती लिलावात आली, तिचे हे टायर. "नव्यागत हायत बघ," म्हणून त्यानं मला हात लावून बघायला लावलं होतं. आज मी अंगठ्याचं नख दाबून बघितलं. नख रुतत नाही. पाटावर दाबल्यासारखं लागतं. मग बाजूला चार आकडे शोधले. टायर कुठल्या वर्षातल्या कुठल्या आठवड्यात बनला ते त्यात असतं. हे दहा वर्षांपूर्वीचे आहेत. उन्हात उभे राहून वाळलेले. झिजले नाहीत कारण चाललेच नाहीत.

भंगारवाल्याची नजर झिजेवर असते. झिजलं नाही ते नवं. पितळ, तांबं, बेअरिंग, सगळ्याला हे लागू पडतं. रबराला लागू पडत नाही, हे आमच्या घरात कुणाला ठाऊक असणार? आमच्याकडं रबर किलोवर जातं.

मग टायरला खडू फासून गाडी पुढं ढकलली. फरशीवर नुसती मधली पट्टी उमटली, कडा टेकल्याच नाहीत. आपल्या छोटा हत्ती टेम्पोत भरतो तेवढी हवा तुम्ही यात भरली होती. तो माल वाहतो. ही गाडी रिकाम्या छोट्या हत्तीपेक्षाही हलकी. एवढ्या हवेनं टायर फुगतो आणि बोटभर पट्टीवर उभा राहतो. मी हवा कमी करत गेले, पुन्हा खडू, पुन्हा ढकलणं. हवा जवळजवळ निम्म्यावर आली तेव्हा कुठं पूर्ण पंजा उमटला.

म्हणजे आता दोन गोष्टी झाल्या. तुमच्या प्लेटा आणि अमीरचे टायर. कशानं झालं ते मला अजून कळत नाही आणि मी तुमच्याकडून फक्त एक गोष्ट मागतेय. त्या दिवशीचा व्हिडिओ तुमच्या फोनमध्ये आहे, असं सोनम म्हणाली. मला पाठवू नका, मला बघायचा नाही. तुम्ही फक्त ऐका. वळणात शिरल्यावर इंजिनाचा आवाज वाढला की पडला? त्यानं पाय दाबला की काढला?

एवढंच सांगा. एका शब्दात लिहिलं तरी चालेल.

मदिहा

आटपाडी
ता. १३ ऑगस्ट

भाभी,

सोनमनं तिनी पत्रं दिली. मला तुमच्यावानी लिवाय येत न्हाई. बोलतो तसं लिवतो.

आवाज पडला. वळनात शिरला आन् त्येनं पाय काडला. मग मागचं आलं. मी त्यो व्हिडिओ रोज ऐकतो. बघत न्हाई, नुसता ऐकतो. म्हनून तुमी इचारलं तवा मला परत लावायची गरज पडली न्हाई.

प्लेटा तितंच का लावल्या म्हनता. आमच्याकडं ट्रॅक्टर सरकाय लागला की टायरात पानी भरत्यात, न्हाईतर मागं प्लेटा अडकवत्यात. आमचं तात्या तेच करायचं, मीबी तेच करतो. सरकतंय तर वजन टाका. मला दुसरं काय सुचलंच न्हाई. ट्रॅक्टर कवा पळत वळतोय? त्यामुळं वळनाचं डोक्यातच आलं न्हाई. सरळ रस्त्याला लय धरली गाडी. अमीर वरडला, "बिऱ्या, चिकाटली रं!" मीच म्हनलो आता वळनात घालून बघ. मग त्यो म्हनला तू उतर, व्हिडिओ काड, घरात दावू. मी उतारलो. मी शेजारी असतो तर हळू म्हनलो असतो.

त्येला मी मारलं भाभी. मातीला आलो न्हाई. चाचीच्या, अमीरच्या आईच्या, तोंडाकडं बघायची माझी हिंमत झाली न्हाई. ट्रॅक्टरचं खरं हाय. बसाय गेलो की हात कापत्यात. आई लय बडबडती. रान तसंच पडलंय.

गाडी कापून टाका. अब्बा म्हनत्यात ते बराबर हाय. तुमी त्यात पडू नका.

बिरदेव

सातारा
शुक्रवार, २२ ऑगस्ट

बिरूभाऊ,

पत्र मिळालं. तुम्ही मारलं असं मी म्हणत नाही. नाही मारलं असंही म्हणत नाही. मला अजून माहीत नाही, आणि तुम्हालाही माहीत नाही. तुम्ही नुसतं ठरवून टाकलंय. माणूस एकदा स्वतःला दोष देऊन मोकळा झाला की त्याला पुढं काही तपासावं लागत नाही. हे मी चिडून लिहीत नाही. मला चिडता येत असतं तर हे पत्र एवढं नीट अक्षरात आलं नसतं.

तुमचं पत्र अम्मींना वाचून दाखवलं. सगळं दाखवलं. चाचीच्या तोंडाकडं बघायची हिंमत नाही, तिथं त्यांनी मला थांबवलं. म्हणाल्या, "लिव त्याला. माझं तोंड काय खानार हाय का त्याला? एक पोरगं गेलं ते गेलं, दुसरं जितं असून दाराला शिवंना, ह्याला काय म्हनायचं?" मग उठून भांडी घासायला गेल्या. घासलेलीच होती ती, परत घासली.

आता कामाचं. मागच्या स्प्रिंगा तुम्ही दोघांनी पिकअपच्या बसवल्यात. टनभर माल लादल्यावर दबणाऱ्या त्या स्प्रिंगा या गाडीखाली दबतच नाहीत. वळणावर आतलं चाक जमीन सोडतं आणि हवेत फिरतं. तिथं तुम्ही कितीही वजन टाका, अधांतरी चाक काय धरणार? गेल्या जुम्म्याला हे मी अम्मींशी बोलत होते आणि अब्बा नमाजाहून लवकर परत आले. शेडच्या तोंडाशी उभे राहिले. मला वाटलं ओरडतील. त्यांनी टोपी खिशात घातली, गाडीखाली वाकून बघितलं. मे महिन्यापासून त्यांनी गाडीकडं मान वळवलेली नव्हती. "ह्या कुठल्या बसवल्यात?" म्हणाले. मी सांगितलं. ते आत गेले आणि पलीकडच्या ढिगातून एका लहान गाडीच्या दोन स्प्रिंगा ओढून आणल्या.

त्यानंतर ते रोज दुकान बंद करायच्या आधी थोडं थोडं करतात. उजवा वाकलेला पाइप त्यांनी कापला आणि नवा जोडला. मी विचारलं, "अब्बा, कापायचीय ना गाडी? मग जोडता कशाला?" तर म्हणाले, "वाकडा पाइप असला की कटर नीट बसत न्हाई." चाळीस वर्षं भंगार कापणारा माणूस मला हे सांगतो. मी हो म्हणाले.

बॅटरी आणि पेट्रोलची टाकी मागच्या शेपटातून काढून सीटच्या पाठीला चिकटवून बसवलीय, मागच्या चाकांच्या पुढं. कळशी कमरेवर घेतली म्हणा. वजन मागच्या चाकांवरच येतं, पण लटकत नाही. टायरांसाठी कोल्हापूरच्या रेस खेळणाऱ्या पोरांना फोन करायचा होता. मी बोलणार नाही, मग अम्मी बोलल्या. "बाबा, मऊ पायजेत. ताज्या भाकरीवानी. आन् औंदाच्या सालातले पायजेत, जुने घालाय बघू नगंस, आमी आकडे वाचतो." पोरगं इतकं घाबरलं की टायर स्वतः आणून दिले. तुमच्या प्लेटा आणि अमीरचे जुने टायर मी फेकलेले नाहीत. ते लागणार आहेत.

इद्दत संपली की गिरणीच्या आवारात जाणार. जिथं अमीर गेला त्याच. फाटकाची चावी अजून अब्बांकडंच आहे, तिथल्या भंगाराचं काम संपलेलं नाही. गाडी मी चालवणार. अमीरनं मला छोटा हत्ती शिकवलेला आहे आणि मी एकदाही कुठं घासलेला नाही, हे त्यानंच तुम्हाला सांगितलेलं तुम्ही ऐकलंय.

तुम्ही यावं असं मला वाटतं. या म्हणत नाही.

मदिहा

सातारा
रविवार, १४ सप्टेंबर

बिरूभाऊ,

सोमवारी इद्दत संपली. अम्मींनी न्हाऊ घातलं आणि स्वतःची हिरवट ओढणी दिली. पहिल्यांदा दाराबाहेर पडले तेव्हा काही वाटलं नाही. रिक्षा, बस, पलटणीतून रिटायर झालेल्या शेजारच्या सुभेदारांचा कुत्रा, सगळं होतं तिथंच होतं.

काल गाडी टेम्पोत घालून बंद सूतगिरणीत नेली. तुम्हाला ती जागा सांगायला नको. फाटक, आतला लांब सिमेंटचा रस्ता, मग डावीकडं वळण आणि वळणाच्या पलीकडं वजनकाट्याच्या खोलीची भिंत. अब्बांनी आधीच्या दिवशी एकट्यानं जाऊन भिंतीपुढं जुन्या टायरांच्या चळती रचल्या होत्या. मला ते सांगितलं नव्हतं. अम्मींनी नळी धरून वळण ओलं केलं. ओल्यावर चाक हळू वेगातही सुटतं, त्यामुळं जोरात जायची गरज नव्हती. हेल्मेट घातलं, पट्टे बांधले, आधी दोन-तीनदा नुसतीच फिरवून हात बसवला. अब्बा वळणाच्या आतल्या बाजूला उभे राहिले. तुम्ही त्या दिवशी उभे होतात तिथंच असणार.

पहिल्यांदा अमीरचे टायर चढवले. तुमच्या प्लेटा लावल्या नाहीत. सरळ रस्त्याला चाकं फिरली, ती फिरणारच होती. वळणात शिरले आणि त्यानं काढला तसा पाय काढला. मागचं गेलं. बिरूभाऊ, मला वाटलं होतं की धक्का बसेल, आवाज येईल. तसं काही होत नाही. पाठीखालून कुणी सतरंजी ओढावी तसं मागचं निघून जातं, आणि भिंत बाजूनं यायला लागते. हातांनी आपोआप स्टिअरिंग उलटं फिरवलं. गाडी आडवी होऊन थांबली. टायरांच्या चळतीला लागलीही नाही.

मी हेल्मेटच्या आत ओरडत होते, हे मला इंजिन बंद झाल्यावर कळलं. "गाढवा, टायर तरी बघायचेस! नख दाबून तरी बघायचं होतंस! मला एवढी पानं वाचायला लावलीस आणि चार आकडे नाही वाचलेस?" हेच परत परत. मला अमीरचा इतका राग आला की तो समोर असता तर मी त्याला मारलं असतं. आणि मग रडू आलं. पट्टे सुटेनात, हेल्मेट निघेना, तसंच रडले. अम्मींनी नळी सोडली नाही. त्या वळणावर पाणी मारत राहिल्या आणि त्याही रडत होत्या.

परत जाऊ या, असं अब्बा म्हणाले. मी म्हणाले, अजून दोन फेऱ्या राहिल्यात.

दुसऱ्यांदा नवे मऊ टायर आणि तुमच्या प्लेटा. सरळ रस्त्यावर तुम्ही लिहिलंत तशी चिकटली. खरंच चिकटली. मलासुद्धा ओरडावंसं वाटलं. तुम्हा दोघांना काय वाटलं असेल ते कळलं. वळणात पाय काढला. मागचं आलं. आधीपेक्षा सावकाश आलं, पण एकदा निघाल्यावर थांबेना. अम्मींची कळशी.

तिसऱ्यांदा नवे टायर, प्लेटा नाहीत, हवा कमी, स्प्रिंगा मऊ, टाकी आणि बॅटरी सीटच्या पाठीशी. पाय दाबला. चाकं थोडी कुरकुरली आणि धरली. वळणात पाय काढला. नाक जरासं आत वळलं, आणि गाडी वळण पार करून भिंतीसमोरून निघून गेली. एवढंच. मी परत एकदा केलं. मग परत एकदा. मग मला वाटलं आता हे अमीरला सांगायला पाहिजे, आणि तिथं पुन्हा थोडं रडले.

तर उत्तर हे आहे. नुसते त्याचे टायर असते तरी झालं असतं. नुसत्या तुमच्या प्लेटा असत्या तरी झालं असतं. स्प्रिंगा दोघांच्या. चावी अब्बांनी दिलेली. पाय त्याचा त्यानं काढला. तुम्ही एकट्यानं मारलं असतंत तर माझं सोपं झालं असतं, रागवायला एकच माणूस पुरला असता. तसं झालेलं नाही. तुमच्यावर माझा राग आहे. तो अमीरवर आहे तेवढाच आहे, जास्त नाही. आणि अमीर मातीत झोपलाय, तरी मी त्याच्याशी बोलणं सोडलेलं नाही. तुम्ही तर जिवंत आहात.

आवारात परत आल्यावर अब्बांनी गॅस कटर बाहेर काढला. शब्दाचा माणूस आहे, मला वाटलं आता कापणार. मी बाजूला झाले. त्यांनी चष्मा चढवला, नळी ओढत गाडीपाशी आले आणि मला म्हणाले, "हं. काय काय कापायचं, दाव."

मी मागच्या ब्रॅकेटवर बोट ठेवलं. त्यांनी तेवढंच कापलं. मग कटर बंद करून कापलेल्या जागेवरून हात फिरवत बसले. भाजेल, म्हणाले मी. "भाजू दे," म्हणाले.

हे पत्र सोनमबरोबर पाठवत नाही. अब्बा स्वतः टेम्पो घेऊन येतायत, औंधवरून, कारण अम्मींनाही यायचं आहे आणि त्यांना रस्त्यात चहाला थांबायला लागतं. तुम्ही हे वाचताय म्हणजे त्या तुमच्या दारात आहेत. त्यांच्या तोंडाकडं बघा. टेम्पोत तुमच्या दोन प्लेटा आहेत. त्या ट्रॅक्टरला लावा, त्यांची जागा तिथं आहे. तुमच्या आईचा, हरणामावशींचा निरोप सोनमनं सांगितलाय, ज्वारीच्या पेरणीचा वाफसा येईल आणि जाईल, रान वाट बघणार नाही. हात कापले तर कापू देत. माझेही काल कापत होते.

एक गोष्ट मात्र अजून सुधारलेली नाही. मी एकटी बसले की मागचं डावं चाक हलकं पडतं. शेजारच्या सीटवर तुमच्याएवढं वजन पाहिजे. काल शेवटी एक पोतं बांधून बघितलं. वजन बरोबर झालं, पण पोतं वळणावर 'हळू रं' म्हणत नाही.

पेरणी उरकली की या.

मदिहा